कॅरियरवरचं शिंकं

मद्रासमधल्या आमच्या विल्लिवाक्कमच्या घरात चपला ठेवायला जागा नव्हती, पण दोर ठेवायला होती. दारामागच्या खुंटीवर काथ्याची वेटोळी, पलंगाखाली नायलॉनचे निळे दोर, मोरीवरच्या फळीवर सुतळीचे बिंडे आणि गच्चीवर वाळत घातलेली ताडपत्री. त्या ताडपत्रीला डिझेलचा आणि कुबट पाण्याचा असा काही वास होता की तो आपल्या साड्यांना लागतो, असं आई म्हणायची. खरंखोटं देव जाणे, पण दर आठवड्याला म्हणायची. बाबांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एक जुनी मेटाडोर विकत घेतली, तेव्हापासून ते घर घर कमी आणि मालधक्का जास्त झालं होतं. मी तेव्हा अकरावी-बारावीत. पोरींनी त्या वयात कशाकशात रमावं, आणि मी काय शिकले तर सुरगाठ आणि निरगाठ. असो. माझं वय आजही तसं फार नाही, चाळिशी उलटलीय एवढंच. पण दमायला वय लागत नाही, हे मला त्या घरातच कळलं.

बाबा मूळचे कऱ्हाडकडचे. बँकेनं इकडे पाठवलं, इथे आई भेटली आणि परत जायचं राहूनच गेलं. आई तंजावरकडची मराठी. तिच्या घरी कित्येक पिढ्या मराठी बोलतात, पण ती मराठी ऐकून कऱ्हाडचा माणूस आधी कान टवकारतो आणि मग हसतो. ‘जेवण जालें?’ असं ती विचारायची, आणि समोरच्यानं संकोचून नको म्हटलं की ‘परवायिल्लै’ म्हणून, म्हणजे असू दे हो म्हणून, ताट वाढून मोकळी व्हायची. बाबा तिला चिडवायचे. तीही काही कमी नव्हती. तुमच्या देशावरच्या लोकांना भाकरी मिळाली नाही तर देवसुद्धा दिसत नाही, असं ती त्यांना ऐकवायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. कारण बाबांचा धंदाच त्या लोकांवर होता. महाराष्ट्रातून रामेश्वरला निघालेली माणसं सेंट्रल स्टेशनावर उतरवून घ्यायची, घरी आणायची, आंघोळी आणि जेवणं करून द्यायची, आणि मग मेटाडोरमध्ये बसवून महाबलीपुरम, पाँडिचेरी, तंजावर करत रामेश्वरला न्यायची आणि परत आणायची. त्यांना तमिळ येत नाही, भात तीन वेळा चालत नाही, आणि हॉटेलात शिरताना भीती वाटते. बाबा त्यांचे ‘शिंदेसाहेब’ होते आणि आई त्यांची वैनी.

या मंडळींचं सामान हा एक स्वतंत्र विषय आहे. इकडे जणू दुष्काळ पडलाय अशा बेतानं ती निघायची. ज्वारीच्या पिठाचे डबे, शेंगदाण्याच्या चटणीच्या बरण्या, रॉकेलचा स्टोव्ह, वळकट्या, लोखंडी तवा, एका बाईनं तर पाट्यासकट वरवंटा आणला होता. मेटाडोरच्या पोटात माणसं बसली की पायाजवळ पिशवी ठेवायलाही जागा उरायची नाही. म्हणजे सगळं वर, कॅरियरवर. आणि बाबांचे गुडघे गेलेले, उंचावर चढलं की त्यांना गरगरायचं. म्हणजे वर कोण? मी. ओढणी कमरेला करकचून बांधायची, मागच्या शिडीनं वर चढायचं आणि बाबा खालून देतील ते रचत जायचं. जड ते खाली आणि मधोमध, हलकं वर. पुढची बाजू उतरती, म्हणजे वारा आत शिरत नाही. उभं काही ठेवायचं नाही, सगळं आडवं. मग ताडपत्री, मग दोर, एकदा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि एकदा उलटा. ओला दोर बांधायचा नाही, उन्हात वाळला की ढिला पडतो. शेवटी दोरात आईचं जुनं लाटणं अडकवून पीळ द्यायचा, दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ झाला की लाटणं दोरालाच बांधून टाकायचं. ते लाटणं गेलं ते गेलंच. आई नंतर पुरणपोळ्या बाटलीनं लाटायची आणि प्रत्येक पोळीला एकदा बाबांच्या नावानं बोटं मोडायची.

समोरच्या कमला मामी त्यांच्या ओट्यावरून हे सगळं रोज पाहायच्या. पोरगी अशी टपावर चढलेली दिसली तर हिच्याशी लग्न कोण करणार, असं त्या आईला तमिळमध्ये विचारायच्या, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आई म्हणायची, ज्याच्याकडे टप असेल तो करेल. मला मात्र लाज वाटायची. हातांना काथ्यानं घट्टे पडले होते, प्रयोगशाळेत परीक्षानळी धरताना मैत्रिणी बघायच्या. पण बाबांना नाही म्हणायचं मला कधी जमलं नाही. बँकेच्या खुर्चीतला माणूस आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं करू बघत होता, ते मला वरून दिसायचं.

ज्या फेरीबद्दल सांगायला बसलेय, ती उन्हाळ्यातली. माझी बारावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, म्हणून मीही गाडीबरोबर जाणार होते. मंडळी सातारा जिल्ह्यातली, एकाच गावची नव्हेत पण एकमेकांच्या ओळखीची. त्यांच्या पुढारी कदमकाकू. ठेंगण्या, आवाज खणखणीत, आणि मांडीवर सदैव एक तांब्याची लोटी. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी होतं त्यात, तोंडाला झाळ मारून बंद केलेलं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर सुनेला दिवस गेले होते, म्हणून ते पाणी रामेश्वराच्या पिंडीवर घालायचा नवस होता. ती लोटी त्या कुठे ठेवत नसत. आंघोळीला गेल्या की बहिणीच्या हातात, आल्या की परत आपल्या.

आणि दुसरे गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, उंच, वाळलेले, पांढरी टोपी. त्यांचं नाव मला पुढेही कळलं नाही, सगळे गुरुजीच म्हणायचे. फोनवर त्यांनी दोन जागा ठेवायला सांगितल्या होत्या, स्वतःची आणि पत्नीची. स्टेशनावर एकटेच उतरले. उजव्या खांद्याला पिशवी, आणि डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला, त्यात पांढऱ्या कापडाचं गाठोडं. बाबांनी विचारलं, वहिनी कुठायत? ते म्हणाले, आल्यात. बाबांना वाटलं मागून येताहेत, आणि आम्ही फलाट रिकामा होईपर्यंत तिथे उभे राहिलो.

घरी आल्यावर सगळे आत गेले. न्हाणीघरासमोर रांग लागली, आईच्या तव्यावर भाकऱ्या पडायला लागल्या, घरभर पिठल्याच्या फोडणीचा आणि खोबरेल तेलाचा वास. गुरुजी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभे. बाबांनी दोनदा बोलावलं, नको म्हणाले. शेवटी आई पदराला हात पुसत बाहेर गेली आणि तिच्या पद्धतीनं म्हणाली, जेवायचें की नाही? तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं की हे घरात आणत नाहीत. आईनं गाठोड्याकडे पाहिलं आणि तिला लगेच कळलं. ती आत आली, ताट वाढलं आणि बाहेर घेऊन गेली. त्यांचा एक हात अडकलेला, म्हणून ताट तिनं धरलं आणि ते उभ्यानं जेवले. मी दारातून बघत होते. भाकरी एका हातानं मोडत नाही, तेव्हा आईनं तुकडे करून दिले.

हळूहळू सगळं समजलं. दोन जागा ठेवल्या तेव्हा बाई होत्या. रामेश्वर बघायचं हे त्यांनी लग्नापासून मनात धरलेलं, आणि गुरुजींचं प्रत्येक वर्षी काहीतरी निघायचं. शाळा, परीक्षा, जनगणना, निवडणूक. निवृत्त झाले, जागा ठेवल्या, आणि निघायच्या आधीच बाई गेल्या. आता गुरुजी त्यांच्या अस्थी घेऊन निघाले होते. अस्थी घरात न्यायच्या नाहीत आणि पाण्यात सोडेपर्यंत जमिनीला टेकवायच्या नाहीत, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढं ते पाळत होते. आगगाडीत खिडकीच्या खिळ्याला गाठोडं टांगून त्याखाली जागे बसून राहिले होते. बरोबरच्यांनी विचारलं तर पूजेचं आहे म्हणाले. रामेश्वरापर्यंत टेकली नाही म्हणजे झालं, असं त्यांनी आईला सांगितलं. ‘टेकल्या नाहीत’ नव्हे, ‘टेकली नाही’. आईनं ते मला नंतर बऱ्याचदा सांगितलं.

आता हे कदमकाकूंच्या कानावर गेलं आणि न्हाणीघरापाशी एकच गलका झाला. त्यांना वाईट म्हणायला आज माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या मांडीवर गंगा होती, सुनेच्या पोटात मूल होतं आणि मनात भीती होती. एकाच गाडीत शेजारी अस्थी ठेवून मी नवसाचं पाणी कसं नेऊ, असं त्या रडवेल्या होऊन विचारत होत्या. बाकीचे त्यांच्यामागे. कुणी म्हणालं, गुरुजींनी आधी सांगायला हवं होतं. गुरुजी फाटकाबाहेर उभे राहून सगळं ऐकत होते. बाबांचा चेहरा मी बँकेतल्या तक्रारींच्या दिवशी पाहिलेला होता, तसा झाला. त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं, आणि अशी माणसं शेवटी सगळ्यांना थोडंथोडं दुखवतात. ते म्हणाले, वर ठेवू. कॅरियरवर. म्हणजे आत कुणाला त्रास नाही.

गुरुजींनी विचार केला आणि मान हलवली. पण त्यांच्या दोन अटी होत्या. टेकवायचं नाही, टांगायचं. आणि वरून दोर टाकायचा नाही. ‘तिला आवळू नका,’ ते म्हणाले. आता कॅरियरवर टांगायचं कशाला? तिथे वर आभाळ. बाबा डोकं खाजवत उभे राहिले. आई माळ्यावर चढली आणि तिच्या माहेरचं काथ्याचं शिंकं घेऊन आली, पूर्वी दुधाची भांडी ठेवायचं. मग मी वर चढले आणि आयुष्यात बांधलं नव्हतं असं काहीतरी बांधलं. बाकी सगळं सामान आडवं रचलं, आवळलं. त्याच्या वर दोन वळकट्या उभ्या करून कॅरियरच्या गजांना जखडल्या, त्यांच्या डोक्यांवर कपडे वाळत घालायची वेळूची काठी आडवी टाकली, आणि काठीला मधोमध शिंकं. पाळणा बांधतात तसं. गुरुजींनी खालून गाठोडं माझ्या हातात दिलं. कापडाच्या आत नवा तांब्याचा गडू होता, वाटला त्यापेक्षा हलका. मी शिंक्यात ठेवला. खाली मोकळी जागा आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी हात घालून दाखवला.

मी उतरले आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हे राहणार नाही. उंच आहे, उभं आहे, वारा घेईल. बाबा म्हणाले, मला माहितीय गं. हळू चालवतो. एवढंच. त्यांच्या आवाजात इतका थकवा होता की मी जाऊन पुढच्या सीटवर बसले. आज कुणी विचारलं तर सांगेन की गाडीवर ओझं बांधताना ओझ्याचं ऐकायचं असतं, माणसांचं नाही. पण मग त्या गाडीत माणसं कशी बसवायची, ते मला अजून कळलेलं नाही.

निघालो. गुरुजी त्यांच्या जागेवर, खिडकीशी, आणि शेजारची जागा रिकामी. पैसे दोन जागांचे दिलेले, त्यामुळे तिथे कुणी बसायचा प्रश्न नव्हता, आणि पिशवीही कुणी ठेवली नाही. त्यांचा डावा हात अजून वाकलेलाच होता, छातीशी. बराच वेळ तो त्यांना खाली घेता येईना. शहर संपतं तिथे, तिरुवान्मियूरला, आमचा नेहमीचा थांबा, थोडं अंतर गेल्यावर सामान बसतं आणि दोर सैल पडतात, ते तिथे पुन्हा ओढून घ्यायचे. मी वर चढले. शिंकं होतं तसं होतं. गुरुजी खाली उभे राहून टोपी काढून वर बघत होते. मी म्हटलं, ठीक आहे, गुरुजी. ते म्हणाले, बरं बाळ. मग पुन्हा खिडकीशी जाऊन बसले.

तिरुवान्मियूर सुटलं की डाव्या हाताला समुद्र. कधी दिसतो, कधी सरूच्या झाडांमागे जातो, पण वारा काही लपत नाही. दुपार कलली की तो जमिनीवर चढायला लागतो. मंडळी खूश झाली, खिडक्या सगळ्या उघड्या. कुणी चिवडा काढला. कदमकाकूंनी अभंग सुरू केला आणि बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. बाबा पुढे वाकून सायकलच्या वेगानं चालवत होते, मागच्या बसगाड्या भोंगे वाजवत पुढे जात होत्या. मी बाबांच्या शेजारी बसून कान वर लावलेले. दोर सैल पडला की टपावर एक आवाज येतो, कुणी बोटानं वाजवल्यासारखा. तो आवाज कोवलमच्या अलीकडे आला, केरळातलं नव्हे, आमच्या इथलं. मी बाबांना म्हटलं, थांबवा. समोर फाट्यावर बस उभी होती, कडेला मासे विकणाऱ्या बाया टोपल्या घेऊन बसलेल्या, थांबायला जागा नव्हती. बाबा म्हणाले, त्या पलीकडच्या झाडाखाली घेतो.

तेवढ्यात मागे अभंग तुटला. वर एक वळकटी वाकली होती, वेळूची काठी सुटून घरंगळत कॅरियरच्या गजाला अडकली होती, आणि शिंकं टपाच्या कडेवरून खाली येऊन खिडकीबाहेर लोंबकळत होतं. काठीला बांधलेल्या एका दोरीवर. ती खिडकी कदमकाकूंची होती. गडू काचेच्या चौकटीवर आपटला, बाहेर गेला, परत आला. मी मान वळवली तेव्हा काकू उठून उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात खिडकीबाहेर होते. मांडीवरची लोटी पायाशी पडली, सीटखाली गडगडत गेली, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी ते गाठोडं धरलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कुणी काहीही म्हणो. त्या ओरडल्या, आणि बाबांनी त्या ओरडण्यानं घाबरून ब्रेक दाबला. गाडीला हिसका बसला, शिंक्याची दोरी तुटली, आणि कापड त्यांच्या मुठीतून निसटलं.

गडू रस्त्यावर पडला, थोडा घरंगळला आणि माशांच्या टोपलीला अडून थांबला. तोंडावरचं कापड तसंच होतं, गाठ तशीच. एका बाजूला पोचा आला होता, बस. आतलं कणभरही सांडलं नव्हतं. मी उडी मारून धावले, पण गुरुजी माझ्या आधी पोहोचले होते. त्यांनी तो उचलला नाही. ते त्याच्या शेजारी, रस्त्याच्या कडेला, मातीत बसले. मासे विकणाऱ्या बाईनं आपली टोपली थोडी सरकवली आणि मला विचारलं, काय झालं? मी तिला तमिळमध्ये सांगितलं. तिनं हातातली सुरी खाली ठेवली आणि डोक्यावरून पदर घेतला.

मंडळी गोळा झाली. सगळे एकदम समजावू लागले. काही सांडलं नाही, गुरुजी. तोंड बंद आहे. चला, आता आत घेऊन बसा, कुणी काही म्हणणार नाही. बाबा हात जोडून उभे होते. कदमकाकू शेवटी उतरल्या. त्यांच्या एका मनगटातल्या बांगड्या फुटून रक्त आलं होतं. त्या गुरुजींच्या समोर खाली बसल्या. ‘माझ्या हातात होती हो,’ त्या म्हणाल्या. ‘हातात आली होती.’ आणि रडायला लागल्या.

गुरुजींनीच त्यांना गप्प केलं. तुमच्यामुळे नाही, असं काहीतरी म्हणाले. मग गडूवर हात ठेवून आम्हा सगळ्यांना सांगितलं, ‘टेकली ती आता. हिचा प्रवास इथपर्यंत.’ कुणी तरी पुन्हा काही बोलायला गेलं, तर त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं की इथून समुद्र किती लांब आहे आणि मला इथल्या लोकांशी बोलता येतं ना.

समुद्र त्या फाट्यापासून गल्लीच्या टोकाला होता. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, त्यांच्या सावलीत माणसं जाळी विणत बसलेली. त्यांच्यातल्या एका वयस्क माणसाला मी सांगितलं, की हे आजोबा लांबून आलेत, बायकोला रामेश्वरला नेत होते, वाटेत पडली, आता इथेच सोडायचं म्हणतात. काठावर सोडलं तर लाट परत आणून टाकेल, तेवढं मला माहीत होतं. त्यानं गुरुजींकडे पाहिलं, गडूकडे पाहिलं, आणि विणलेलं जाळं बाजूला ठेवलं. ‘वांगो,’ म्हणाला, या. आणखी काही विचारलं नाही. त्यानं आणि शेजारच्या एकानं होडी ढकलली. गुरुजी धोतर खोचून आत बसले, गडू दोन्ही हातांत. आयुष्यात ते कधी होडीत बसले नसावेत. लाटेवर होडी उभी राहिली तेव्हा ते मागे कलंडले, पण गडू सोडला नाही. मग होडी लाटांच्या पलीकडे गेली आणि लहान झाली. आम्ही सगळे वाळूवर उभे. कुणी तरी पुटपुटत काहीतरी म्हणत होतं. ऊन डोळ्यांत येत होतं आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास. बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. त्यांचा हात गार होता, एवढ्या उन्हात.

ते परत आले तेव्हा कमरेपर्यंत भिजलेले होते. होडीवाल्यानं त्यांना दंडाला धरून उतरवलं आणि परत जाऊन जाळं हातात घेतलं. बाबांनी पैसे पुढे केले, त्यानं घेतले नाहीत. आम्ही गाडीपाशी आलो. मासेवालीनं गुरुजींच्या हातावर पाणी घातलं, तोंड धुवायला. आईनं बांधून दिलेली भाकरी बाबांनी काढली, आणि गुरुजी झाडाखाली बसून जेवले, दोन्ही हातांनी, हळूहळू, सगळी. आम्ही कुणी घाई केली नाही. जेवल्यावर बाबा म्हणाले, चला गुरुजी, तुम्ही आता पुढे माझ्याशेजारी बसा. वारा लागेल, कपडे वाळतील.

गुरुजी उठले नाहीत. त्यांनी मला विचारलं की इथून मद्रासला परत जायला बस मिळते का. मी म्हटलं, मिळते, पण का? कदमकाकूंनी सीटखालून लोटी काढून परत हातात घेतली होती, ती त्यांनी गुरुजींपुढे धरली. त्या म्हणाल्या, ‘माझीही टेकलीय, गुरुजी. मी तरी नेणार आहे. देवाला काय कळत नाही? तुम्हीपण चला. तुमचं दर्शन तरी होऊ दे.’

गुरुजी त्यांना म्हणाले, न्या, जरूर न्या, तुमच्या घरी वाट बघतायत. आणि मग माझ्याकडे वळले.

‘बाळ, माझी पिशवी तेवढी काढून दे.’

त्यांची पिशवी जड होती. म्हणून ती सगळ्यात खाली होती, मधोमध, सगळ्यांच्या सामानाखाली. मी म्हटलं, गुरुजी, ती अगदी तळाशी आहे, सगळं उतरवावं लागेल. रामेश्वरला पोहोचलो की काढते ना. एवढं आलायत, आता रामेश्वर बघूनच जा.

ते म्हणाले, ‘रामेश्वर तिला बघायचं होतं, बाळ. मला कधीच नव्हतं.’

मी शिडीनं वर चढले आणि दोर सोडायला लागले.